नकार लिहून द्या

सोमवार, सकाळी दहा चाळीस. पुण्यात धायरीतल्या रेशन दुकानात कौशल्या इंगोले यांचा अंगठा मशीनने पाचव्यांदा नाकारला. धान्याविना हा सलग तिसरा महिना. महिनाअखेरपर्यंत पडताळणी झाली नाही, तर कार्डावरून नाव कमी होणार होते.

"पुढच्या महिन्यात बघू," दुकानदार बद्रीनाथ म्हणाले. "बोटांना तेल लावत जा."

"पुढच्या महिन्यात नाव राहील का?"

"ते मशीनला विचारा."

कौशल्याबाई वाशीम जिल्ह्यातून आलेल्या. बारा वर्षे पाच घरची भांडी घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. त्या पाचांपैकी एक घर निवृत्त शिक्षिका सरोजिनी दांडेकर यांचे. हकिकत ऐकून सरोजिनीबाईंनी तांदळाची पिशवी भरली.

"घे. त्या दुकानाच्या नादी लागू नकोस."

कौशल्याबाईंनी पिशवीला हात लावला नाही.

"काकू, रागावू नका. दोन महिने तुमचा तांदूळ नेला. पोरांचं भागलं, म्हणून मी गप्प. मी गप्प, म्हणून दुकानदार निवांत. साहेबांच्या कागदावर मी उपाशी नाहीच!"

"मग काय, उपाशी राहून दाखवणार आहेस?"

"नाही. तुम्ही शाळेत पोराला नापास केलं, तर प्रगतिपुस्तकात लिहायचात ना? मला मशीननं पाचदा नापास केलं. कुणी एक ओळ लिहून दिली?"

सरोजिनीबाईंनी पिशवी बाजूला ठेवली. आपण दया म्हणून जे देत होतो, त्याने सरकारची चूक झाकली जात होती!

मंगळवारी दोघी दुकानात गेल्या.

"धान्य देत नसाल, तर कारण लिहून द्या. तारीख, सही, शिक्का," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"बाई, असं कुणी मागत नाही."

"म्हणून तर तुमचं छान चाललंय. अहो, अंगठा जुळला नाही तरी दुसरं ओळखपत्र बघून धान्य द्यायचं, असा सरकारी आदेश आहे. वाचून दाखवू? चाळीस पोरांना ऐकू जाईल असं वाचायची सवय आहे मला."

रांग हसली.

"मशीन माझं आहे का? वर जाऊन भांडा!"

"जाणारच," कौशल्याबाई म्हणाल्या. "पण रिकाम्या हातानं नाही."

मागून गवंडीकाम करणारे भैरू पुढे आले. "माझाबी अंगठा लागत न्हाय. मलाबी लिहून द्या." मग रांगेतल्याच सुशीलाबाई. दुपारपर्यंत बद्रीनाथांना सात चिठ्ठ्या लिहाव्या लागल्या.

वाचकहो, शेजाऱ्याला धान्य जरूर द्या. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच्या हक्काचे धान्य ज्या खिडकीवर अडले आहे, तिथे त्याच्यासोबत उभे राहा आणि नकार लेखी मागा. तोंडी नकाराला कुणीच जबाबदार नसते.

बुधवारी त्या चिठ्ठ्या जोडून सातही जणांच्या तक्रारी पुरवठा कार्यालयात दाखल झाल्या, पोच मिळाली. शुक्रवारी सायंकाळी कार्यालय बंद होईपर्यंत उत्तर आलेले नव्हते. महिना संपायला चार दिवस आहेत.