लाल दोऱ्याची कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. माझ्या एका कडीला लाल दोरा बांधलेला आहे. आज जे सांगणार आहे, ते त्या दोऱ्याला मान खाली घालायला लावणारे आहे. मला ते नीट सांगता येईल की नाही, शंकाच वाटते. कापायचे कसे ते मला कळते, सांगायचे कसे ते कळत नाही. पण एक अख्खे वर्ष मी गप्प राहिले आणि त्याचे ओझे अजून उतरलेले नाही, म्हणून हा खटाटोप.

माझी दोन पाती एका कारागिराने वेगवेगळी घडवली आणि मग एका स्क्रूने त्यांची जन्माची गाठ घातली. त्याने मला ग्राहकांसमोर ठेवण्याआधी एक ओली चिंधी माझ्या तोंडात दिली. कोरडे कापड कुणीही कापते, ओली चिंधी एका झटक्यात, दशी न काढता कापली तरच कात्री खरी, असे तो म्हणे. मी ती कापली. तेव्हा समोर एक तरुण मुलगी उभी होती. नुकतीच शिवणकाम शिकलेली, हाताच्या बोटांना सुया टोचून टोचून बारीक ठिपके पडलेले. तिने मला उचलले, उघडले, मिटले आणि म्हणाली, "हीच."

ती मुलगी म्हणजे आमची आत्या. ती पुढे साऱ्या इमारतीची आत्या झाली. तिने घरी आल्याबरोबर माझ्या कडीला लाल दोरा बांधला. शिवणाऱ्यांच्या घरात ही पद्धत असते. लाल दोऱ्याची कात्री फक्त कापडाची. तिने कागद कापायचा नाही, सुतळी कापायची नाही, आणि शिवणारणीखेरीज तिला कुणी हात लावायचा नाही. कागदाने धार मरते, हे ठाऊक असते सगळ्यांना, पण पाळतो कोण? आमच्या घरात पाळत. आत्या तिच्या धाकट्या भावाच्या घरी राहत असे. भाऊ टपाल कचेरीत शिक्के मारायचा. पन्नाशीला टेकला होता, टक्कल पडले होते, दोन मुलींचा बाबा होता, तरी आत्या त्याला छोटूच म्हणायची. तोसुद्धा मला हात लावत नसे.

या मानाने मी चढून गेले, हे आधी कबूल करते. स्वयंपाकघरातल्या खणात आणखी एक कात्री होती, शेंडा मोडलेली. ती दुधाच्या पिशव्या फोडायची, मुलींच्या कागदी फुलांच्या पाकळ्या कापायची, कधी डबीचे झाकणही उचकटायची. मी तिच्याकडे पाहून नाक मुरडायची. आपण रेशीम कापणाऱ्या आणि ही दुधात तोंड घालणारी, असे मला वाटे. ती बिचारी काही बोलत नसे.

त्या वर्षी थंडी लांबली. आत्याला तापाने गाठले आणि ताप गेल्यावरही तिच्या उजव्या हाताला मुंग्या येत राहिल्या. ती मधूनच काम थांबवून बोटे उघडमीट करायची. मग ऋतू फिरला. खिडक्या उघडल्या, जाड पांघरुणे गच्चीवर उन्हात गेली, समोरच्या झाडाला पोपटी पाने फुटली. मुलींनी सहलीचा धोशा लावला. नदीकाठी जायचे ठरले.

त्या सकाळी मुलींच्या आईची स्वयंपाकघरात धांदल चालली होती. अंडी उकडून झाली होती, बटाटे सोलायचे होते, पाव फडक्यात बांधायचा होता. आत्या मुलींना घेऊन बसच्या थांब्यावर पुढे गेली. आणि भरलेली टोपली उचलताच तिची मूठ निखळून बाबांच्या हातात आली.

"पक्कड कुठाय?" बाबांनी विचारले.

"खालच्या ड्रायव्हरकडे," आई आतून म्हणाली. "थंडीत मागायला आला होता. ती आता तिथेच नांदतेय."

"आता तार कशानं कापू?"

"दातांनी कापा. बस काही आपल्यासाठी थांबायची नाही."

बाबांच्या हातात कपडे वाळत घालायच्या तारेचा उरलेला तुकडा होता. ते खोलीत आले. त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि मला उचलले. माझ्या लाल दोऱ्यावरून त्यांचा अंगठा फिरला. ते क्षणभर थबकलेही. मग स्वतःशीच पुटपुटले, "एकदाच. ताईला कुठे कळतंय."

मित्रांनो, त्या वेळी मी काय करायला हवे होते? अडायला हवे होते. आम्हा कात्र्यांना अडता येते. पण बाबांनी तार माझ्या पात्यांत धरली आणि मला आपली ताकद दाखवायची हौस आली. मी सगळा जोर लावून तार तोडली. "वा, काय कात्री आहे," बाबा म्हणाले, आणि मी फुशारले. त्यांनी मला सदऱ्याला पुसले, होती तशी, होती तिथे ठेवले आणि ते टोपली घेऊन पळाले.

संध्याकाळी सगळे उन्हाने लाल होऊन परतले. मुलींच्या खिशांत नदीतले गोटे होते. धाकटीने एक अंडे माशांना खायला घातले होते म्हणे, त्यावरून हसणे चालले होते. आत्याने टोपली खाली ठेवली आणि मूठ ओढून पाहिली. "छोटूनं बघा कशी पक्की बसवलीय. गुणाचा आहे हो माझा भाऊ." बाबा बूट काढायला वाकले होते. बूट निघाले तरी ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

माझ्या पात्याच्या मधोमध खसखशीच्या दाण्याएवढी खाच पडली होती. पुढचे काही आठवडे आत्याने सुती कापडेच बेतली. झबली, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. जाड कापडावर मी ती खाच दाबून नेली. जरा तिरकी झाले, जरा जोर केला, की निभायचे. आत्याला एकदा थोडे अडखळल्यासारखे वाटले, तिने माझे टोक तपासले, ते ठीक होते. मी करकरू शकले असते. पण मी शहाण्यासारखी चालत राहिले. दुधाच्या पिशव्यांच्या खणात आपली रवानगी होईल, ही मला भीती.

मग खालच्या मजल्यावरची नर्स आली. तिचे लग्न ठरले होते. तिच्या वडिलांनी जाण्यापूर्वी तिच्या लग्नाच्या पोशाखासाठी घेऊन ठेवलेले कापड होते, फिक्या आकाशी रंगाचे, इतके तलम की मुठीत धरले तर मूठ रिकामी वाटावी. एवढेच होते, पुन्हा मिळणारे नव्हते.

"आत्या, तुमच्याशिवाय कुणाच्या हाती देणार नाही," ती म्हणाली.

आत्याने दोनदा मोजले, खडूने रेघ आखली, श्वास रोखला आणि मला चालवले. अर्ध्या रेघेपर्यंत मी पाण्यासारखी गेले. मग खाच आली. तलम कापडावर काही लपत नाही. मी ते कापड चावले, ओढले, आणि पुढच्या भागाच्या बरोबर छातीवर वीतभर चीर गेली.

मी वाट पाहत होते की आता आत्या मला उजेडात धरेल. तिने मला धरलेच नाही. तिने आपला उजवा हात उजेडात धरला. बोटे उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"हात गेला माझा," ती हळूच म्हणाली.

आई धावत आली. "ताई, कात्रीचं काही झालं नसेल ना?"

"तिचं काय होणार? तीस वर्षं झाली, एकदा दगा दिला नाही तिनं. आणि तिला हात लावतो कोण माझ्याशिवाय?"

बाबा दारात उभे होते. त्यांचे तोंड उघडले, आणि मिटले. अगदी माझ्यासारखे.

नर्स भल्या मनाची. "असू द्या हो," म्हणाली, आणि लग्नात दुसरेच काही नेसली. फाटलेले कापड आत्याने घडी करून ठेवून दिले. मला तिने तेल लावले, मऊ फडक्यात गुंडाळले आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात, तिच्या आईच्या फोटोशेजारी ठेवले. मित्रांनो, कुणी मला उकिरड्यावर फेकले असते तर बरे वाटले असते. त्या फडक्यात मला इतका मान मिळत होता आणि मी त्याच्या लायकीची नव्हते.

कपाटाच्या फटीतून मी वर्षभर पाहत राहिले. आत्याने शिवण सोडले. पण गोष्ट तिथे थांबली नाही. हात गेला म्हटल्यावर ती हाताला घाबरू लागली. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. भाजी चिरायला घेतली की आईला म्हणायची, "तूच कर बाई, माझ्या हातून बोट जाईल." पत्रावर पत्ता घालायचा तर थोरलीला बोलवायची. खरे तर मुंग्या केव्हाच थांबल्या होत्या, पण तिचा त्यावर विश्वास नव्हता. बाबा तिच्याशी फार गोड वागू लागले. फळे आणायचे, डॉक्टरकडे चला म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, हाताला काही नाही. आत्या म्हणाली, "डॉक्टरांना काय कळतंय? त्यांनी कधी तलम बेतलंय?"

पुन्हा झाडाला पोपटी पाने आली. मुलींनी पुन्हा सहलीचा विषय काढला. धाकटी बाहुलीच्या टोपीसाठी हट्ट धरून बसली.

"तू कापून दे, आत्या."

"माझा हात गेलाय गं, बाळा."

"कुठे गेलाय? हा काय इथे."

आत्या हसली नाही. त्याच दिवशी तिने ठरवले की मला नर्सच्या नणंदेला देऊन टाकायचे. ती शिवणकाम शिकत होती. "वस्तू वापरात हवी," आत्या म्हणाली. "धार लावून देऊ. बोथट देऊ नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी धारवाल्याची घंटी रस्त्यावर वाजली. त्याच्या सायकलमागे दगडी चाक असते, पायंडल मारले की फिरते. घरातल्या सुऱ्या, शेंडा मोडलेली कात्री आणि फडक्यातली मी, सगळी वरात खाली गेली. बाबा आणि धाकटीही आले होते. टोपली त्यांच्याच हातात होती, तीच.

धारवाल्याने मला उघडले, डोळ्यांजवळ धरले आणि पात्यावरून नख फिरवले. मधोमध नख टक्कन अडले.

"आत्याबाई, हिनं तार कापलीय."

"शक्य नाही."

"चाळीस वर्षं हेच करतोय मी. कागदानं धार जाते, खाच नाही पडत. ही जाड तार आहे. बघा, नख लावून बघा."

आत्याने नख लावले. तिचा चेहरा उतरला. मला वाटले, आता तिला उलगडले. पण ती खाली बघत म्हणाली, "मग मीच कापली असेल. आमच्याकडे तिला दुसरं कुणी हात लावत नाही. मीच कापली आणि विसरले. म्हणजे हात गेला, आता डोकंही चाललं."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की धारवाल्याचा पाय पायंडलावरच थांबला. बाबांच्या हातातली टोपली खाली टेकली.

"ताई," ते म्हणाले, "मी कापली."

"काय?"

"तार. या टोपलीच्या मुठीची. गेल्या वर्षीची सहल. पक्कड नव्हती."

आत्याने टोपलीच्या मुठीकडे पाहिले. मग भावाकडे.

"वर्षभर?"

"रोज सांगणार होतो. पहिल्या दिवशी लाज वाटली. मग जितके दिवस गेले, तितकी लाज वाढत गेली."

"मी वर्षभर चहाचा कप दोन हातांनी धरला रे, छोटू."

बाबा मान खाली घालून उभे राहिले, टक्कल उन्हात चमकत होते. धाकटी एकदा बाबांकडे, एकदा आत्याकडे बघत राहिली. बाबांच्या शेजारी मीही उघडी पडले होते, खाचेसकट. माझी मान लवत नाही, एवढाच काय तो फरक.

शेवटी आत्या धारवाल्याकडे वळली. "ही खाच जाईल?"

"जाईल, पण बरंच घासावं लागेल. पातं बारीक होईल."

"होऊ दे."

दगडावर मी ओरडले. ठिणग्या उडाल्या. इतके ओरडणे आधी एकदा जमले असते तर! धारवाल्याने शेवटी एक ओली चिंधी आत्यापुढे धरली. आत्याने मला उजव्या हातात घेतले. एकाच हातात. चिंधी एका झटक्यात दोन झाली, एक दशी निघाली नाही. तिने ते दोन तुकडे उलटेपालटे करून पाहिले आणि आपल्या बोटांकडे पाहिले.

त्या दुपारी तिने कपाटातून फाटलेले आकाशी कापड काढले. नर्सला मुलगी झाली होती. चिरेच्या अलीकडे-पलीकडे, जेवढे शाबूत होते तेवढ्यात एक इवलेसे झबले बसत होते. उरलेल्या कोपऱ्यात बाहुलीची टोपी. तिने खडूने रेघ आखली, श्वास रोखला आणि मला चालवले. मी गेले, सरळ. बाबांनी चहा करून आणला. आत्याने मला खाली न ठेवता डाव्या हाताने कप घेतला आणि म्हणाली, "साखर जास्त आहे." वर्षभरानंतर तिने भावाला प्रथमच बोल लावला. तेवढ्याने बाबांचे डोळे भरून आले.

मला देऊन टाकायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. संध्याकाळी बाबांनी माझा मळका दोरा काढला आणि नवा लाल दोरा बांधला. गाठ त्यांना नीट जमली नाही. आत्याने ती सोडून पुन्हा बांधली. मग मात्र बाबा खालच्या मजल्यावर जाऊन ड्रायव्हरकडून पक्कड घेऊन आले.

आता माझे एक पाते दुसऱ्यापेक्षा बारीक आहे. कुणाच्या लक्षात येत नाही, माझ्या येते. शेंडा मोडलेल्या कात्रीकडे पाहून मी आता नाक मुरडत नाही. तिचा मोडका शेंडा सगळ्यांना दिसतो, तिने तो कधी लपवला नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, एवढेच मागून मी थांबले असते. पण माझे मागणे थोडे वेगळे आहे. तुमच्या हातून काही बिघडले तर त्याच दिवशी सांगा. आणि तुमच्या घरात कुणी आपल्या हाताकडे बघत "माझंच काहीतरी चुकलं" म्हणत बसले असेल, तर त्यांना गोड फळे आणून देऊ नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि जे ठाऊक आहे ते बोला. मला ते जमले नाही. तुम्हाला तर जीभ आहे.