ड्रमशिवाय

शत्रुघ्न वसईच्या केळीबागवाल्यांचा मुलगा, रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. ऐंशी साली त्याचा ड्रमर आणि जिवाभावाचा मित्र काळूराम काविळीने गेला. त्यानंतर शत्रुघ्नने गिटार हातात घेतली नाही. रडूही आलं नाही. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या पास्कू मास्तरांकडे तो नोटेशन शिकायला बसला आणि वर्षभरात त्याने तीस वादकांसाठी वीस मिनिटांची रचना लिहिली.

एका रविवारी सकाळी वसईतल्या शाळेच्या हॉलमध्ये ती वाजली. व्हायोलिन, चेलो, बासऱ्या, सगळं त्याने लिहिलं तसंच वाजलं. मास्तरांनी डोळे पुसले. शत्रुघ्न भिंतीला टेकून उभा होता. आत काहीतरी हलेल म्हणून त्याने शेवटच्या सुरापर्यंत वाट पाहिली. काही हललं नाही.

लोक पांगल्यावर काळूरामची आई कमळीमावशी त्याच्याजवळ आली.

"ड्रम कोनीच वाजवला नाय रे?"

"नाही मावशी. ड्रमचा भाग लिहायला बसलो होतो. पण काळूच्या जागी दुसरा कोणी बसलेला मला बघवला नसता."

तिने जवळची एक खुर्ची उचलली. मग म्हणाली, "बरं केलंस. चल, जेवून जा."

दोघांनी मिळून खुर्च्या भिंतीला लावल्या. तिच्या घरी त्याने वाढलेलं सगळं खाल्लं. चव कशी होती, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं.