पंख्याजवळचं काउंटर

“शिट्टी वाजते हो यात! मी काय हौसेनं हेलपाटे घालतोय?”

काकांनी हेडफोन काउंटरवर ठेवला. आपटला नाही, ठेवला; पण आपटला असता तर बरं झालं असतं, असा चेहरा करून. याआधीही त्यांनी हीच तक्रार घेऊन हेडफोन परत आणला होता आणि आत्यानं जराही न कुरकुरता बदलून दिला होता. मी मनातल्या मनात त्यांचं नाव शिट्टीकाका ठेवलं होतं. मनातल्या मनात म्हणजे, आत्याला आणि बिलिंगवाल्या ताईला एवढंच सांगितलं होतं.

“बसा काका.” आत्यानं स्टूल पुढे सरकवलं. “कधी वाजते? आवाज चालू असताना की बंद असताना?”

“दोन्ही वेळा. बंद असताना जास्त.”

“जाड की बारीक?”

“बारीक. लांब कुठंतरी किटली उकळतेय आणि कुणी उतरवतच नाहीये, तशी.”

आत्या गप्प झाली. ती सहसा गप्प होत नाही, माझीच आत्या आहे ती. म्हणून मी भूगोलाचं पुस्तक मिटलं आणि नीट बघायला लागले.

आधी तुम्हाला आमचं काउंटर दाखवते. विजेच्या वस्तूंचं हे भलंमोठं दुकान. पुढे टीव्हींची भिंत, मग फ्रिज, मग वॉशिंग मशीन आणि त्यांच्या पाठीमागे, जिथे गिऱ्हाईक वाट चुकलं तरच येतं, तिथे आत्या. ती वायरवाले हेडफोन विकते. साधे नाहीत, भोवतालची घरघर खाऊन टाकणारे. खोक्यावर त्यांचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण आत्या त्यांना ‘गिळणारे’ म्हणते. गिऱ्हाइकांच्या तोंडीही तेच बसलंय. एक बाई तर आल्या आल्या म्हणाल्या, “ते गिळायचं काय असतं ते द्या हो.”

काउंटरवर आत्याचा स्वतःचा, घरून आणलेला जुना टेबलफॅन असतो. लोखंडी जाळीचा, सर्दी झालेल्या म्हाताऱ्यासारखा घरघरणारा. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, पंखा जोरात सोडायचा, हेडफोन कानांवर चढवायचा आणि मग बटण सरकवायचं. झालं! पंखा फिरताना दिसतो, पण आवाज गायब. त्या क्षणाचे चेहरे बघायलाच मी शाळा सुटली की धावत येते. कुणी पंख्याकडे संशयानं बघतं, कुणी खुदकन हसतं. रात्रपाळी संपवून आलेली एक नर्स तर स्टुलावरच झोपली. आत्यानं तिला उठवलं नाही. मला म्हणाली, “हळू बोल जरा,” जे मला जमत नाही.

आणि यानंतर येते मी! घरात मला भोंगा म्हणतात. पूर्वी राग यायचा. पण यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत भोंग्यानं माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत भाषण पोचवलं आणि पहिलं बक्षीस आणलं, तेव्हापासून मीच सगळ्यांना सांगत सुटते, मी भोंगा म्हणून. तर, गिऱ्हाईक शांततेत तरंगत असतानाच आत्या मला खूण करते आणि मी भाषणाचं पहिलं वाक्य ठणकावते. गिऱ्हाईक दचकतं.

“ऐकू आली ना?” आत्या विचारते. “येणारच. हे पंख्याला गप्प करतं, माणसाला नाही. शेजाऱ्यांच्या भांडणावर उपाय म्हणून घेत असाल तर घेऊ नका.”

एकानं दबक्या आवाजात विचारलं होतं, “बायकोचा आवाज?”

“त्यांना घेऊन या,” आत्या म्हणाली. “तुमचा आवाज बंद करायचं काही मिळतंय का, तेही बघू.”

निम्मे लोक हसून निघून जातात. उरलेले घेतात, आणि घेतलेलं परत आणत नाहीत. पण दुकानाला हे कुठं पुरतं? पंधरवड्यापूर्वीच फ्लोअरसाहेब, म्हणजे या मजल्याचे मॅनेजर, येऊन उभे राहिले होते.

“‘संपूर्ण शांतता’ म्हणायला तुमचं काय जातं हो?”

“माझं काही जात नाही साहेब. घेणाऱ्याचं जातं.”

“वायरीचा जमाना गेलाय बाई. या महिन्यात तुमच्याकडून एकदा जरी पैसे परत गेले, तरी हे काउंटर उठलं म्हणून समजा. इथे बिनवायरींचा स्टँड लावू आणि तुम्ही खाली गोदामात, पॅकिंगला.” थोडं थांबून, नजर चुकवत म्हणाले, “पंखा न्या हवं तर खाली. आहे तुमचाच.”

बदलून दिलेलं चालतं, पैसे परत चालत नाहीत, असा तो हिशेब. आणि उद्या महिना संपत होता.

आत्या अजून शिट्टीकाकांकडेच बघत होती.

“काका, नोकरी कुठं केलीत?”

“छापखान्यात. वर्तमानपत्राचं मशीन चालवायचो. अख्खी हयात गेली त्यात.”

“कानात काही घालायचात?”

“कानात?” काकांना पहिल्यांदाच हसू आलं. “अहो, तिथे आम्ही बोटांनी बोलायचो. हे बघा, बोट असं हवेत गोल फिरवलं की, चालू ठेव. मूठ आवळली की, थांबव. आणि हे असं केलं की, साहेब आला.”

ती तिसरी खूण मी इथे लिहू शकत नाही. पण त्याच वेळी साहेब खरंच आले.

“परत तेच? अहो, देऊन टाका दुसरा आणि मोकळ्या व्हा.”

मीही आत्याच्या कानाशी लागले. “दे ना बदलून! उद्याचा दिवस तर काढायचाय. ते येतील परत पुढच्या महिन्यात.”

आत्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं काकांचा हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला, बटण सरकवलं आणि डोळे मिटले. मागे पंखा घरघरत होता. मग तिनं डोळे उघडले.

“मलाही ऐकू येतेय शिट्टी.”

“बघा!” काका साहेबांकडे वळले.

“म्हणजे पीस खराब आहे?” साहेबांनी विचारलं.

“पीस उत्तम आहे.” आत्यानं हेडफोन काढून खाली ठेवला. “काका, ही शिट्टी यात नाही. तुमच्या कानात आहे. माझ्याही आहे, डाव्या. इथे यायच्या आधी मी खिळ्यांच्या कारखान्यात होते. तिथून घेऊन आले.”

मी आ वासून उभी होते. हिवाळ्यात दोन रजया पांघरून वर पंखा लावणारी माझी आत्या! आम्ही सगळे तिला हसायचो आणि तीही आमच्यात सामील होऊन हसायची.

“म्हणजे मी बहिरा झालो म्हणताय?” काका ताडकन उठले.

“बहिरे कशाला व्हाल? माझं सगळं ऐकताय की. ती शिट्टी तुमच्या कानात होतीच, घरघरीखाली झाकलेली. यानं घरघर गिळली आणि ती उघडी पडली. मलासुद्धा पहिल्यांदा वाटलं होतं, मशीनच बिघडलंय.”

काका परत बसले. बराच वेळ त्यांनी वायरीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“माझी नात लांब असते,” शेवटी ते म्हणाले. “गोष्टी वाचून पाठवते मला. नीट ऐकता याव्यात म्हणून हे घेतलं. शिट्टी ऐकून मी तिला कळवलं, तुझा माइक खराब आहे गं. पोरीनं दोनदा माइक बदलला.”

“नातीचा आवाज स्वच्छ आहे,” आत्या म्हणाली. “तिला तेवढं आजच कळवा.”

काकांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं नाही म्हणून मी पंख्याकडे बघितलं.

“आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवून या. कदाचित ते म्हणतील, शिट्टी जाणार नाही. मला म्हणाले. पण तिच्यासोबत राहता येतं, तिच्यावर रागावलं नाही तर निभतं. हा हेडफोन तुमच्या कामाचा नाही. पैसे परत घ्या, साधा वायरवाला घ्या. आणि ऐकताना जवळ घरघरणारं काहीतरी चालू ठेवा.”

“बाई!” साहेब हलकेच म्हणाले. “पैसे परत म्हणजे काय, माहीत आहे ना?”

“माहीत आहे, साहेब. पावती करा.”

तिनं आवाज चढवला नाही. ‘बंधुभगिनींनो’ म्हणून मी जे काही मंचावर केलं होतं, ते सगळं त्या दोन शब्दांपुढे फिकं पडलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि रडावंसंही वाटलं, कारण काउंटर गेलं होतं.

दोन दिवसांनी स्टँडवाले आलेच. ते मापं घेत होते आणि आम्ही खोकी भरत होतो, तेवढ्यात शिट्टीकाका आले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

“डॉक्टरांनी तुमचंच सांगितलं. शब्द मोठे वापरले, एवढंच.” ते आत्याला म्हणाले. “नात हसली. म्हणाली, आजोबा, माझ्या माइकची माफी मागा. मागितली! पण एक अडचण आहे. नवा पंखा आणला, तो मुकाट फिरतो. आवाजच नाही! दुकानदाराला म्हटलं, आवाज करणारा द्या, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. हा तुमचा असा कुठं मिळतो?”

“असे आता मिळत नाहीत,” आत्या म्हणाली.

मग तिनं पंखा बंद केला. पाती फिरत फिरत थांबली. प्लग काढून, फडक्यानं जाळी पुसून तिनं तो काकांपुढे ठेवला.

“घेऊन जा. माझा घरी आहे एक.”

“आत्या, अगं, गोदामात तुला...”

“भोंग्या, काकांना दारापर्यंत सोड. आणि वायर धर, लोंबतेय.”

काका पंखा कडेवर घेतल्यासारखा धरून चालले होते. राजाच्या झग्याचं टोक धरावं, तसा मागे मी प्लग धरलेला. फ्रिज गेले, टीव्ही गेले. दाराशी फ्लोअरसाहेब उभे होते. दार त्यांनी स्वतः उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पायऱ्या उतरून गोदामात गेले. छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी. वर एवढा गलबला, पण इथे त्याचा मागमूस नाही. सगळा आवाज खोक्यांत मुरलेला. लांबच्या दिव्याखाली आत्या एकटी खोकी बांधत होती. मान थोडी डावीकडे कललेली, जबडा घट्ट. तिच्याजवळ मी चवड्यांवर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, कुजबुजले, “आत्या, आले गं मी.”

तिनं वर बघितलं. “घसा बसलाय का तुझा?”

“नाही. इथे इतकं शांत आहे, म्हणून...”

“म्हणूनच. बोल ना. काहीही बोल. ते भाषण म्हण तुझं.”

मी दप्तर खाली टाकलं, एका भरभक्कम खोक्यावर चढले, छाती भरून श्वास घेतला आणि सुरुवात केली. शेवटच्या खोक्यापर्यंत पोचेल असं. आत्याचा जबडा हळूहळू सैल झाला. मान सरळ झाली. हात झपझप चालायला लागले.

भाषण संपलं, तेव्हा दम खायला मी थांबले. आत्यानं काही मान वर केली नाही. हातातल्या खोक्यावर पट्टी चिकटवता चिकटवताच तिनं एक बोट उचललं आणि हवेत गोल फिरवलं.