मामाजींचा न झिजणारा रॉड

गीझरखाली ठेवलेल्या बादलीत थेंब पडू लागले, तेव्हा मामाजींनी ते आधी मान्यच केले नाही.

"दव हाय ते," ते म्हणाले. "थंडीत गरम भांड्याले दव येतेच."

गरम भांड्याला दव येत नाही. शाळेत मुलांना मी हेच शिकवते. पण मामाजी म्हणजे माझे सासरे, आणि त्या वेळी ते स्टुलावर उभे होते. मी स्टूल धरले. थेंब तांबूस होते.

मामाजींची सगळी नोकरी मँगनीजच्या खाणीत मेकॅनिक म्हणून गेली. आता ते घरातल्या वस्तूंचे मेकॅनिक आहेत. आमचा गीझर त्यांनीच बसवला होता आणि वॉर्डातल्या चार घरचेही. त्यामुळे आमच्या गीझरने गळणे हा त्यांना जरा घरचा अपमान वाटत होता. त्यांनी एम-सील मळले, फटीवर लावले, सुकू दिले. थेंब दुसऱ्या बाजूने पडू लागले. त्यांनी तिकडेही लावले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातून पाहत होत्या. "आठ दिवस झाले, लेप लावूनच राह्यले. भिताडाले लावला असता तं एक खोली उभी राह्यली असती."

"तू जाय वं तिकडं. मले काम करू दे."

"करा ना. मी काय थेंब मोजाले उभी हाव?"

हा सगळा विनोद डिसेंबर उजाडेपर्यंत चालला. मग चंपाबाई आली.

माझी नणंद आम्रपाली गोंदियाला दिलेली. तिचे पहिले बाळंतपण आमच्याकडे व्हायचे ठरले होते. जानेवारीची तारीख होती. आत्याबाईंनी जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, डिंक आणून ठेवला होता. आणि चंपाबाईला सांगून ठेवले होते. वॉर्डातली बहुतेक मुले तिच्या पायांवर न्हालेली आहेत. काम घेण्याआधी ती घरची मोरी पाहून जाते. आमच्या बाथरूममध्ये ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बादलीकडे पाहू लागली.

"हे काय होय?"

"गीझर हाय," मामाजी म्हणाले.

"गीझर मले दिसून राह्यला. हे खाली काय होय?"

बादलीत थेंब पडला.

"पाय, जिजाबाई," चंपाबाई आत्याबाईंना म्हणाली, "बाळंतीण आन् लेकरू, दोघाईले मले रोज कडक पाणी लागते. सव्वा महिना. चुलीवर तापवतं का?"

चूल शक्य नव्हती. आत्याबाईंना दमा आहे. धूर झाला की त्यांना रात्रभर बसून राहावे लागते. तेही पुन्हा ऐन थंडीत.

"गॅसवर तापवू," मी म्हटले.

"मंग एक गंज पाणी तापेपर्यंत दुसरा थंडा. लेकराले का अर्धं आज धुवू, अर्धं उद्या?" तिने पदर खोचला. "गीझर नीट करा, मंग मले बलावा. नाई तं पोरीले सासरीच राहू द्या. तिथी सोय हाय म्हणते."

हे शेवटचे वाक्य आत्याबाईंना लागले, कारण ते खरे होते. त्याच दुपारी गोंदियाहून विहीणबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमी साखरेत घोळलेला असतो.

"जिजाबाई, तुमाले त्रास काहून द्यायचा? आमच्या इथी दोन-दोन गीझर हायत. राहू द्या तिले इथंच."

"त्रास कायचा?" आत्याबाई म्हणाल्या. "आमचा गीझर टनाटन हाय." बोलता बोलता त्यांनी पायाने बाथरूमचे दार लोटून घेतले. थेंबांचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून.

फोन ठेवून त्या मामाजींकडे वळल्या. "म्या सांगतलं टनाटन हाय. आता करा टनाटन."

त्या रविवारी आम्ही गीझर उघडला. मी मेन स्विच बंद केला, पाणी काढून टाकले आणि टाकी खाली उतरवायला हात दिला. मामाजींनी तळाची चकती सोडवली, तेव्हा आतून गंजाचे पापुद्रे आणि गढूळ पाणी बादलीत पडले. तापणाऱ्या कॉइलवर खाराचा जाड थर होता. मी कोमट पाण्यात निंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घालून ती बुडवली. फेस आला, खार सुटला, खालचा धातू चांगला होता. म्हणजे कॉइल नाही. मग मी टॉर्च घेऊन टाकीत पाहिले. आतून लोखंडाला काचेसारखा लेप असतो. तो शिवणीपाशी उडाला होता आणि तिथे लोखंड कुरतडल्यासारखे झाले होते. एका ठिकाणी आरपार छिद्र पडले होते.

"टाकी गेली, मामाजी," मी म्हटले. "हिला लेप लागणार नाही. लागला तरी दाबाने सुटेल."

ते बराच वेळ टॉर्च फिरवत राहिले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी चकतीवरून एक हातभर रॉड सोडवला आणि लुगड्याच्या फडक्याने पुसला. रॉड चांदीसारखा चकाकला.

"पण हे पाय! याले पाय! सहा वर्षं पाण्यात हाय. एक कण झिजला नाही."

"हा कुठला?"

"माह्या हातचा! कंपनीचा जो होता ना, तो पहिल्याच वर्षी उघडून पाह्यला तं अर्धा खाल्लेला. म्हटलं, असा कसा माल देतात? मंग स्टीलचा आणला, आटे पाडले आन् बसवला." त्यांनी रॉड फडक्यात गुंडाळला. "नवीन गीझर आला का पहिल्याच दिवशी हाच टाकतो."

मी निंबूसताचे पाणी मोरीत ओतून टाकले.

गीझरमध्ये कंपनी जो रॉड बसवते तो मॅग्नेशियमचा असतो आणि तो खाल्ला जावा यासाठीच असतो. खारे पाणी आधी त्याला खाते आणि तोवर टाकीच्या लोखंडाला हात लावत नाही. दर वर्षा-दोन वर्षांनी तो बदलायचा. स्टील खाल्ले जात नाही. मग पाणी टाकीकडे वळते, आणि स्टील शेजारी असेल तर उलट घाईने वळते. मामाजींचा रॉड जसाच्या तसा राहिला होता, म्हणूनच टाकी गेली होती.

नवा गीझर आम्हाला एकदाच घेता येणार होता. मी अतिथी शिक्षिका आहे. आमचे मानधन कधी येते ते शाळेलाही ठाऊक नसते. चंद्रशेखर, माझा नवरा, बिरसा गावी नोकरीला. बाळंतपणासाठी जे बाजूला ठेवले होते त्यातूनच गीझर निघायचा होता. त्यातही स्टीलचा रॉड बसवला गेला, तर आज ना उद्या पुन्हा हीच बादली.

मी चंद्रशेखरला फोन केला.

"मग बाबाले सरळ सांगून टाक ना," तो म्हणाला.

"तुम्ही सांगा."

"नाई, म्हणजे... बाबा तुह्यं ऐकतात."

संध्याकाळी चहाच्या वेळी मी सांगून पाहिले. "मामाजी, तो कंपनीचा रॉड झिजण्यासाठीच असतो."

मामाजी मनापासून हसले. "सुनबाई, झिजण्यासाठी पार्ट कोण बनवते? कंपनीवाले! पुन्हा विकाले!"

यात काही अगदीच खोटे नव्हते. मी कप उचलले.

सांगून पटत नसेल तर दाखवावे, असे आम्ही वर्गात करतो. शाळेत प्रयोगातून उरलेला मॅग्नेशियमच्या फितीचा तुकडा माझ्या डब्यात होता. मामाजींच्या खिळ्यांच्या टिनातून मी तीन खिळे घेतले आणि घासून लख्ख केले. स्वयंपाकघराच्या खिडकीत मिठाच्या पाण्याचे तीन पेले ठेवले. एकात नुसता खिळा. दुसऱ्यात फीत गुंडाळलेला. तिसऱ्यात भांडी घासायच्या स्टीलच्या घासणीची तार गुंडाळलेला.

"हे कायचं लोणचं घातलं वं?" आत्याबाईंनी विचारले.

"खिळ्यांचं."

"मुरू दे मंग," त्या म्हणाल्या आणि पुन्हा विचारले नाही.

मामाजींनी सकाळी चहा घेताना पाहिले. दुपारी पाहिले. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून पाहिले. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा तिन्ही खिळे पेल्यांतून निघून वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले होते आणि मामाजी समोर मांडी घालून बसले होते. नुसता खिळा गंजला होता. स्टीलची तार लावलेला त्याहून जास्त गंजला होता. तार मात्र चकाकत होती. फीत लावलेला खिळा तसाच लख्ख होता. फितीचे पांढरे भुसकट झाले होते.

"हे पांढरं कोनतं होय?" त्यांनी विचारले.

"कंपनीच्या रॉडमध्ये असते ते."

"आन् हे चमकून राह्यलं ते माह्यं."

मी मान हलवली.

ते तार बोटांत फिरवू लागले. "आमच्या खाणीत एकच कायदा," ते म्हणाले. "झिजला का पार्ट खराब. नाई झिजला का चांगला. झिजाले ठेवतात असा पार्टच नाई पाह्यला म्या." मग थांबले. डोळे बारीक केले. "नाई... थांब. डंपरच्या ब्रेकचा लायनर. तो झिजते, म्हणून ड्रम वाचते. नाई झिजला तं ड्रमच खाते." त्यांनी मांडीवर थाप मारली. "अरे, हे तं मले माहीत होतं!"

"हो ना."

"मंग त्या गीझरले मीच मारलं."

"टाकी तशीही जुनी झाली होती, मामाजी."

"लबाड नको बोलू. मास्तरीण हायस."

आतून आत्याबाईंचा आवाज आला. "मले पहिल्या दिवशीच माहीत होतं."

"तुले काय माहीत होतं?"

"का हे तुमचंच काम असन."

मामाजी इतके हसले की त्यांना खोकला आला, आणि मग आत्याबाईंना पाणी घेऊन बाहेर यावेच लागले.

शनिवारी आम्ही दुलीचंदच्या दुकानात गेलो. मामाजींनी एकेक गीझर ठोकून पाहिला. शेवटी कोपऱ्यातला एक निवडला. त्याच्या बाहेरच्या पत्र्याला पोचा होता म्हणून तो कोणी घेत नव्हते. आतल्या टाकीला काही झाले नाही ना, ते मी तळाची चकती काढायला लावून टॉर्चने पाहिले. लेप अखंड होता. दुलीचंद आमच्याकडे पाहत राहिला. दातांच्या डॉक्टरसारखे आम्ही वाकलो होतो.

"पोचा है तो कम लगाओ," मामाजी म्हणाले.

"काका, लगा दिया कम. ऊपर से बाल्टी भी फ्री दे रहा हूँ."

"बाल्टी बहुत है हमारे पास," मामाजी म्हणाले. "बाल्टी नहीं चाहिए. इसका रॉड दो, एक एक्स्ट्रा. मॅग्नेशियमवाला."

"रॉड? काका, आज तक किसी ने माँगा नहीं."

"इसीलिए तो तुम्हारे इतने गीझर बिकते हैं."

दुलीचंदला ते आवडले. हसत हसत त्याने गोदामातून रॉड शोधून आणला.

गीझर मामाजींनी पाणसळ लावून बसवला आणि पोचा भिंतीच्या बाजूला फिरवला. आत्याबाईंनी स्वतः जाऊन चंपाबाईला बोलावले. तिने नळ सोडला, कोपर धरले आणि झटकन मागे घेतले.

"हौ," ती म्हणाली. "आता आणा पोरीले."

आम्रपाली आली. जानेवारीत मुलगी झाली. सव्वा महिना रोज सकाळी बाथरूममधून वाफ, तेलाचा वास, चंपाबाईचे बोलणे आणि नातीचा चढा सूर बाहेर येत असे. मामाजी दाराबाहेर खुर्ची टाकून बसत, गीझरचा दिवा लागला की नाही ते पाहायला. स्टीलचा रॉड त्यांनी टाकून दिला नाही. पाळण्याच्या दोन दोऱ्यांमध्ये तो आडवा घातला, दोऱ्या जवळ येऊ नयेत म्हणून. तिथे तो चांगला शोभला, आणि झिजायची गरजही नव्हती.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला गोंदियाची मंडळी आली. बुद्धवंदना झाली, खीर झाली. विहीणबाई समोरच्या खोलीत बसल्या होत्या. तेवढ्यात मामाजी आतून एक ताटली घेऊन आले. ताटलीत पांढुरका, खड्डे पडलेला, मधेच बारीक झालेला रॉड होता. सकाळीच त्यांनी तो काढून दुलीचंदचा जादा रॉड चढवला होता.

"पहा, विहीणबाई! एका वर्षात केवढा खाल्ला!"

विहीणबाई रॉडकडे पाहू लागल्या. "अरेरे," त्या म्हणाल्या.

"अरेरे काहून? एक नंबर काम करून राह्यला!" मामाजींनी ताटली पाहुण्यांतून फिरवली. प्रत्येकाने मान वाकवून पाहिले. एकाने चुकून त्यावर फूल ठेवले. "तुमच्या दोन गीझरचे रॉड कधी पाह्यले?"

"नाई बा. त्याच्यात रॉड असते?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिले. मी खिरीची वाटी उचलली.

पुढच्या रविवारी सकाळी ते पिशवीत नट सोडवायचे पाने भरून, विहीणबाईंचे दोन्ही गीझर उघडून पाहायला, गोंदियाच्या बससाठी निघाले. आत्याबाई दारापर्यंत आल्या.

"एम-सील नका नेऊ संग," त्या म्हणाल्या. "ते परायं घर हाय."