त्रास काहीच नाही

"जिन्यात उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत. बोलायचंय त्याला घरात बोलवा, बसायला द्या."

सासूबाईंची ही ताकीद पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या बायकोच्या कानात अजून तशीच होती. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्या जिन्यात ती कुणाशी 'बरं आहे ना' यापलीकडे बोलली नव्हती. आणि त्याच माउलीचा हा लेक, जन्माचा घुमा, वर्षभरापासून मजल्यामजल्यावर थांबून गप्पा झोडत होता. पहिल्या मजल्यावर शिंपिणीला सुनेच्या बाळंतपणाचं विचारायचं, दुसऱ्यावर निवृत्त पोस्टमनच्या कुंड्यांची चौकशी करायची. मग कुठे तिसऱ्यावर स्वतःचं घर. शेजारी म्हणत, बाइंडर उतारवयात माणसांत आला. तिलाही आधी बरंच वाटलं होतं.

मग मोतीबिंदूच्या आधीच्या तपासणीत कुणीतरी त्याच्या छातीला नळी लावली, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा लावली. तिथून दोघांची रवानगी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे झाली. त्यांनी पडद्यावर चित्र काढून पाहिलं आणि समजावून सांगितलं, की हृदयातून अंगभर रक्त जातं त्या वाटेच्या तोंडाशी एक झडप असते. पूर्वी अंगठा जाईल एवढी ती उघडत असेल, आता कडक होऊन करंगळीसुद्धा अडेल एवढी अरुंद झालीय. दम लागतो का, चक्कर येते का, छातीत दाटतं का, असं त्यांनी विचारलं.

"छे," बाइंडर शर्टाची बटणं लावत म्हणाला. "त्रास काहीच नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्रास खरंच नसेल तर सध्या नुसतं लक्ष ठेवता येईल. पण असेल तर थांबणं धोक्याचं, झडप बदलावीच लागेल. म्हणजे सगळं याच्या एका उत्तरावर येऊन ठेपलं होतं, आणि हा शहाणा परीक्षा पास झाल्यासारखा बसला होता.

तिने हात एकमेकांत गुंफून मांडीवर ठेवले होते. रागाच्या भरात बोलायचं नाही हा तिचा रोजचा नेम, म्हणून ती मनात एकेक आठवत राहिली. कागदाचे गठ्ठे आता टेम्पोवाला थेट टेबलावर ठेवून जायचा. पुस्तकं दाबायचा मोठा प्रेस 'गंज चढलाय' म्हणून कोपऱ्यात गेला होता. दुपारी तळमजल्यावरच्या दुकानातून जेवायला वर यायचं बंद झालं, कारण म्हणे खळ वाळते. चाळीस वर्षांत न वाळलेली खळ आत्ताच कशी वाळायला लागली, हे न विचारता ती मुकाट्याने डबा घेऊन तीन मजले उतरत होती. चीड त्याची आली, त्याहून जास्त स्वतःची.

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "यांना तीन मजले चढायला पंचवीस मिनिटं लागतात. मधे सगळ्या बिल्डिंगची खुशाली विचारून होते."

"माणुसकी म्हणून विचारतो," बाइंडर म्हणाला. "आता त्याचीही चहाडी कर."

डॉक्टरीणबाई उठल्या. त्याचं मनगट धरून त्याला दवाखान्याच्या जिन्याकडे घेऊन गेल्या. ती मागोमाग. दहाव्या पायरीवर बाइंडर थांबला, कठडा धरला आणि मोठ्या आस्थेने विचारता झाला, "तुम्हाला भावंडं किती?"

"माझी चौकशी नंतर," त्या म्हणाल्या. "आधी इथेच खाली बसा."

बायकोने कपाळाला हात लावला. बाइंडर पायरीवर बसला, ओठ पांढरट पडलेले. जमिनीकडे बघतच त्याने कबूल केलं की मागच्या महिन्यात दुकानात डोळ्यांपुढे काळोख आला होता. रद्दीच्या ढिगावर पडला, म्हणून लागलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्याला घरी सोडलंच नाही. पण खाटेवर आडवा झाल्यावर याचं नवं सुरू. संमतीच्या कागदावर सही करणार नाही म्हणे. एका म्हाताऱ्या शिक्षिकेला अंथरुणातून उठता येत नाही. आपल्या वडिलांच्या वेळचा शब्दकोश तिने सुट्ट्या पानांत दुकानात पाठवला होता, तो बांधून वजनाखाली ठेवलाय आणि गुरुवारी तिच्या हातात देईन असं त्याने सांगितलंय.

"आणि गुरुवारी तुमची छाती उघडायचीय," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने कूस बदलली. "चार दिवसांनी मिळाला तर तिच्या भाषेतले शब्द पळून जाणार आहेत का?"

तो छताकडे बघत राहिला. इतकी भीती तिने त्याच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती. शब्दकोशाचं निमित्त होतं, हे तिला तेव्हा कळलं, आणि नुसतं निमित्त नव्हतं हेही.

"मी देते नेऊन," ती म्हणाली. "गुरुवारीच. तिच्या हातात."

"तुला उघडता येणार नाही," तो म्हणाला. नवं बाइंडिंग मधूनच उघडलं की पुस्तकाची पाठ मोडते. आधी पुढची थोडी पानं दाबायची, मग मागची, असं करत मधे यायचं. तिने ते दोनदा म्हणून दाखवलं. मग त्याने पेन मागितलं.

गुरुवारी सकाळी त्याला आत नेलं. पाच-सहा तास लागतील, असं परिचारिकेने सांगितलं. सासरहून आलेल्या मुलीला तिथल्या बाकावर बसवून ती दुकानात आली. वजनाखालून शब्दकोश काढला, मऊ चादरीत गुंडाळला आणि दुकानाला कुलूप लावलं. मग पुढची थोडी, मागची थोडी, असं देवाचं नाव घ्यावं तसं पुटपुटत ती शिक्षिकेच्या घराकडे चालू लागली.