आज नको

जीवघेण्या विषाणूंवर संशोधन करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत बाईंची जरब अशी, की त्यांची चाहूल लागली की लोक उगाचच हात धुवायला लागत. ज्यांच्यावर औषध नाही अशा तापांमागे बाईंनी उभी हयात घालवली होती आणि ती मोठ्या मजेत घालवली होती. आतल्या खोलीत जाण्याचा नियमही त्यांनीच घालून दिलेला: दोघांनी मिळून जायचं, एकमेकांचा अंगभर हवाबंद पोशाख तपासायचा, आणि दोघांपैकी कुणीही ‘आज नको’ म्हणालं की मुकाट्याने मागे फिरायचं. कारण विचारायचं नाही. बाईंना मात्र हे दोन शब्द ऐकवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

आज जोडीला त्यांची लेक होती. प्रशिक्षण पुरं करून ती पहिल्यांदाच आत निघाली होती. लोकांच्या पोरांना बेधडक आत नेणाऱ्या बाईंना स्वतःच्या पोरीला न्यायचा मात्र धीर होत नव्हता. एखादं बारीकसं भोक सापडू दे, म्हणजे हिला घरी धाडता येईल, असं त्यांना फार वाटत होतं. त्यांनी लेकीच्या पोशाखात हवा भरली, शिवण न्‌ शिवण चाचपली, हातमोजे उजेडात धरून पाहिले. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"मॅडम, तिसऱ्यांदा बघताय," लेक म्हणाली. "अशाने धड शिवणही उसवेल."

पोशाखात काडीचा दोष नव्हता. ‘आज नको’ अगदी ओठांवर आलं होतं, आणि कारण कुणी विचारणार नव्हतं. पण स्वतःच्याच नियमाआड लपून लेकीला अडवणं बाईंच्या जिवावर आलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता माझा बघ."

लेकीने पोशाख नीट पाहिला. मग हातमोजे चढवायला तिने बाईंचे हात हातात घेतले आणि जरा वेळ तसेच धरून ठेवले.

"आज नको," ती म्हणाली.

"काय?"

"आज नको, मॅडम." तिने नजर झुकवली नाही.

बाईंचा पारा चढला. ‘का?’ तोंडातून निसटणारच होतं, ते त्यांनी कसंबसं गिळलं आणि आपल्या हातांकडे पाहिलं. बोटं थरथरत होती. आत सुया हाताळायच्या होत्या, आणि तिथे एकदा टोचली की खेळ खलास. त्यांचा राग कुठल्या कुठे पळाला. कित्येक दिवसांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी नवरा दारातच वाट बघत उभा होता. "कशी गेली पोरगी आत? घाबरली नाही ना?"

"गेलोच नाही आम्ही. हिने मला बाहेरूनच परत फिरवलं."

"तुला?" नवऱ्याने आ वासला. "अगं, मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते!"

लेक आईजवळ येऊन उभी राहिली. "आई, रागावलीस?"

"रागावले होते ना," बाई बुटांचे बंद सोडत म्हणाल्या. "उद्या जाऊ आपण. मला अडवायची तुझी छाती आहे, म्हणजे आतही तू जपूनच वागशील. आता नाही थरथरायचे हात."