हाकेपुरता श्वास

मी पाउआचा, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या एका समुद्री जिवाचा, शिंपला बोलतोय. तळहाताएवढा आहे, बाहेरून खडबडीत आणि आतून निळा-हिरवा. निदान मुळात तरी तसाच होतो. पुढे कित्येक वर्षं माझा आतला रंग कुणाला दिसलाच नाही, कारण रिपेकाच्या पडवीत मी ॲशट्रे म्हणून नोकरीला होतो.

माझा जन्म समुद्रातल्या एका खडकाखाली झाला. आमच्या कवचाच्या कडेला एका ओळीत भोकं असतात, त्यांतून आमचा श्वास चालतो. तिथे कुणाला कसली घाई नसते. एके दिवशी रिपेकाचा नवरा, पारातेने त्याचं नाव, बुडी मारून आला आणि बोथट सुरीनं त्यानं आम्हाला खडकावरून सोडवलं. पहिला पाउआ समुद्राला परत द्यायची इथली रीत आहे. मी दुसरा निघालो.

आतला जीव त्यांनी कांद्यावर परतून खाल्ला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरची. आमच्या घराच्या उताराखालीच मराए आहे, म्हणजे साऱ्या कुळाचं अंगण आणि सभाघर. त्या सभाघराच्या भिंतींवर लाकडात कोरलेले पूर्वज आहेत, आणि माझ्याच खडकावरचे काही भाऊबंद त्या पूर्वजांच्या डोळ्यांत बसवले गेले. त्यांच्यापुढे लोक हळू बोलतात. माझी भोकं मात्र पारातेनेनं खिडकीच्या काचांना लावून उरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवून टाकली, राख खाली सांडायला नको म्हणून, आणि मला पडवीच्या कठड्यावर ठेवून दिलं. नशीब एकेकाचं.

रिपेका मेंढ्यांची लोकर काढायच्या शेडमध्ये कामाला. पुरुष मेंढी भादरून सोडतात, आणि ती लोकर उचलून, फेकून पसरवून, मळकी कड झटपट काढून टाकायची, हे तिचं काम. पाठ मोडणारं आहे. मधल्या सुट्टीला या देशात नावच धुरावरून पडलंय, स्मोको. चहा, पाव, मटणाचा तुकडा आणि हातानं वळलेली सिगरेट. पंधराव्या वर्षी ती शेडमध्ये गेली आणि सुट्टीबरोबर सिगरेटही शिकली. घरी आली की उरलेल्या सिगरेटी माझ्या वाट्याला.

माणसं राख कशी झटकतात त्यावरून मला त्यांचं मन कळतं. काळजी असली की रिपेका राख नसतानाही टिचकी मारायची. रागावली की थोटूक माझ्या तळाशी असं चिरडायची, की ते थोटूक नसून पारातेने आहे असं वाटावं. बहिणीशी फोनवर बोलताना मात्र सिगरेट ओठांपर्यंत पोचायचीच नाही, माझ्या काठावर आपली आपण जळून जायची. बहिणीचे फोन मला फार आवडायचे.

आता हुहाना आत्याबद्दल सांगतो. ती रिपेकाच्या वडिलांची बहीण. ऐंशी ओलांडलेली, एक खुबा डॉक्टरांनी बदललेला, जीभ मात्र मूळचीच. मराएवर पाहुणे आले की ते फाटकाशी थांबतात. आतून बाईमाणसानं लांब सुरात हाक घातल्याशिवाय कुणी पाऊल पुढे टाकत नाही. त्या हाकेनं जिवंतांना आत घ्यायचं असतं आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या, मरून गेलेल्या माणसांनाही. सूर मध्ये तुटला तर म्हाताऱ्यांचे चेहरे उतरतात, काहीतरी वाईट घडणार म्हणून. रिपेका शाळेत जायच्या आधीपासून आमच्या मराएवर ही हाक आत्याची होती. अलीकडे तिचा आवाज अर्ध्या अंगणातच खाली बसायला लागला होता.

तिच्यामागून हा मान रिपेकाचा. घराण्यात दुसरं कुणी नव्हतं. एक भाची सिडनीला जाऊन बसली, आणि दुसरी गायला लागली की कुत्री उठून जातात.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या खोऱ्यातले लोक आले, नेमकी आत्या तापानं झोपलेली. रिपेका उभी राहिली. मी वरून ऐकत होतो. सूर छान चढला, अंगणाच्या मध्यापर्यंत गेला, आणि खोकल्यानं त्याचा गळा धरला. पाहुण्यांकडची बाई शहाणी. तिनं आपली उत्तराची हाक घाईनं सुरू केली आणि ती फट झाकून घेतली.

दुसऱ्या दिवशी आत्या काठी टेकत चढ चढून आली. रिपेका कठड्याशी होती, सिगरेट पेटवलेली.

“आत्या, माझ्याच्यानं नाही व्हायचं. नदीपलीकडच्या मोआनाला सांग.”

“सांगते की. गळा चांगलाय तिचा,” आत्या खुर्चीत टेकत म्हणाली. “आणि मला पेटीतून फाटकाशी आणाल ना, तेव्हाही तिलाच बोलवा. जन्मभर मी या अंगणात लोकांना आत घेतलं. मला आत घ्यायला उसना गळा आणा.”

“असं काय बोलतेस गं. तू कुठे निघालीस एवढ्यात?”

“मी नाही निघाले. खुबा निघालाय पुढे.”

घरात बसलेला पारातेने हसला. रिपेका हसली नाही. आत्याला मरणाची भीती नव्हती, परक्या हाकेनं घरी यायची होती, हे तिला तेव्हा कळलं. मलाही तेव्हाच कळलं.

खाली नवं जेवणघर बांधायला घेतलं होतं. शरद ऋतूत त्याचं उद्घाटन, सगळ्या किनाऱ्यावरची कुळं येणार. आत्यानं तिथल्या तिथे सांगून टाकलं, “तोवर तुझा श्वास पुरला तर हाक तुझी. नाही पुरला तर मोआनाची. मग माझीही मोआनाच.”

रिपेकानं सिगरेट सोडायचा प्रयत्न याआधी केला नव्हता असं नाही. दंडाला चिकटवायच्या पट्ट्या झाल्या. च्युइंग गम झालं, ते शेवटी माझ्याच तळाला चिकटलं. एकदा तिनं पुडी, कागद सगळं चुलीत घातलं आणि दोन दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याजवळ आली, इकडेतिकडे पाहिलं, माझ्यातली जुनी थोटकं उचलली, फोडली, आणि त्यातला जळका तंबाखू गोळा करून नवी वळली. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी समोर नसतो तर ती वाचली असती, असं वाटत राहिलं.

मग कुळाच्या दवाखान्यातली नर्स व्हेप घेऊन आली. निकोटीनची वाफ ओढायचं बोटाएवढं यंत्र. त्यात काडी नाही, राख नाही, थोटूक नाही. मी तिरक्या नजरेनंच पाहिलं, म्हणजे शिंपल्याला जमेल तितपत.

“ही काही गंगाजळ नाही,” असं नर्सनं म्हटलं नाही, पण अर्थ तोच. ती म्हणाली, “निर्धोक नाहीये ही. सिगरेटीपेक्षा बरी, एवढंच. आणि तेही सिगरेट पार सोडलीस तर. दोन्ही ओढायला लागलीस तर मी काही केलं नाही असं समज.”

रिपेकानं पहिला झुरका सिगरेटीसारखा कचकचून ओढला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खोकली.

“हळू गं बाई,” नर्स म्हणाली. “गरम चहाचा घोट घेतेस तसं घे.”

पारातेने दारात उभा होता. “बायको किटली प्यायला लागली माझी,” तो म्हणाला. “आता शिट्टी कधी वाजते बघायचं.”

“तू आधी तुझी चिमणी बंद कर.”

“मला कुठे हाक मारायचीय? मला तर हाक मारली तरी ऐकू येत नाही.”

पहिले काही आठवडे दोन्ही चालू होतं, खोटं कशाला सांगू. सकाळची आणि जेवणानंतरची सिगरेट सुटेना. मग सकाळची सुटली. पुदिन्याच्या वासाचा पांढरा ढग माझ्यावरून जायचा आणि मागे काही ठेवायचा नाही. एक दिवस पूर्ण रिकामा गेला. आता हिला माझी गरज नाही म्हणून वाईट वाटेल, अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. मला नुसतं हलकं वाटलं. पाऊस पडला तो माझ्यात साठला, काळा झाला, वाऱ्यानं कलंडला, पुन्हा साठला. तिसऱ्या-चौथ्या पावसाला माझ्या तळाशी निळं दिसायला लागलं.

रोज कामावरून आल्यावर रिपेका पडवीत उभी राहून नुसता सूर लावायची. खरे शब्द असे उगाच म्हणायचे नसतात, म्हणून नुसता ‘आ’. आत्या खालच्या तिच्या घरातून ऐकायची आणि फोन करायची.

“शेळी हरवलीय का तुमची?”

“नाही आत्या.”

“मग अशी का ओरडतेस? पोटातून घे. खांदे खाली.”

मग एका संध्याकाळी गाडी आली आणि रिपेका खूप वेळ उतरलीच नाही. शेडमध्ये मेंढ्या ओल्या, माणसं कमी, मुकादम खेकसलेला. स्मोकोला कुणीतरी पुडी पुढे केली होती. ती आली ती ओठांत शेवटचा तुकडा घेऊनच, आणि माझ्या स्वच्छ तळावर तो दाबून विझवला. तो चटका सिगरेटीचा होता, पण तिचा चेहरा बघून मला तेवढा जाणवला नाही. आत्या नेमकी तेव्हाच वर आली.

रिपेकानं मला लपवायची धडपड केली. “राहू दे,” आत्या म्हणाली. तिनं माझ्यात डोकावून पाहिलं. “एकच आहे. मागच्या वर्षी डोंगर असायचा.”

“ओढली ना पण.”

“ओढलीस. उद्या नको ओढूस. आता तेवढा चहा ठेव, मी चढ चढून आलेय.”

एवढंच. मी पुष्कळ उपदेश ऐकलेत पडवीत, पण हा एकच कामाला आला.

मधल्या काळात पारातेनेनंही एक पराक्रम केला. मी दिसायला चांगला झालो म्हणून त्याला फार उमाळा आला. त्यानं खिळ्यानं माझ्या भोकांतली लांबी उकरून काढली, मला स्वयंपाकघरात नेलं, जेवणाच्या भांड्यांबरोबर त्याच मोरीत, त्याच फडक्यानं धुतलं आणि माझ्यात चटणी वाढून टेबलावर ठेवलं. आत्या जेवायला आली होती.

“हा कुठला?” तिनं विचारलं.

“पडवीतला. बघ कसा चमकतोय.”

आत्यानं चमचा खाली ठेवला. “लोकांची थुंकी लागलेली राख ज्यात पडली, ते तू खाण्याच्या भांड्यांत घातलंस? आणि फडकंही तेच?”

“साबणानं धुतलंय की.”

“साबणानं विटाळ निघत असता तर तुझं डोकं नसतं का धुतलं मी?”

चटणी गेली, फडकं गेलं, भांडी पुन्हा उकळत्या पाण्यात गेली आणि पारातेने तोंडातल्या तोंडात हसत ती घासत बसला. मी परत कठड्यावर. मला राग आला नाही. आत्याचं बरोबर होतं, आणि भोकं मोकळी झाली ती झालीच. समुद्र सोडल्यापासून पहिल्यांदाच वारा माझ्यातून आरपार गेला.

उद्घाटनाच्या सकाळी घर रिकामं झालं. रिपेकानं काळा पोशाख घातला, व्हेप पडवीतच माझ्याशेजारी ठेवली आणि उतरून गेली. जाताना ती स्वतःशीच म्हणाली, “तिच्यासाठी. फक्त तिच्यासाठी पुरू दे.”

फाटकाशी केवढी तरी माणसं जमली होती. कुजबुज थांबली. पोरंसुद्धा गप्प झाली. सभाघरासमोर खुर्चीत आत्या, आणि नदीपलीकडची मोआना मागे बायकांत, गरज पडली तर म्हणून.

मग रिपेकाची हाक उठली.

सुरुवातीला बारीक होती. मग ती चढली, फाटकाकडे निघाली. अंगणाच्या मध्याशी आली तेव्हा मी जीव मुठीत धरला, कारण मागच्या वेळी इथेच तुटली होती. तिथे सूर किंचित हलला. तुटला नाही. हळूहळू पुढे सरकत तो फाटकावरून, थांबलेल्या माणसांच्या डोक्यावरून गेला आणि शेवटचा शब्द पूर्ण करून आपला आपण खाली बसला. लगेच पाहुण्यांकडून उत्तराची हाक आली, निवांत, कसलीही फट न झाकता. माणसं आत यायला लागली. मोआना जागची हलली नाही.

मी शिंपला, रडायला मला डोळे नाहीत. असते तर भरले असते.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी आत्याला वर आणलं. रिपेका पायऱ्यांवर बसली, बूट काढले आणि व्हेपचा एक झुरका घेतला. आत्यानं पाहिलं.

“हीसुद्धा सोडायचीय ना?”

“हो. नर्सनं त्यातलं निकोटीन कमी करत आणलंय. थोडी राहिलीय.”

“बरं.” आत्यानं पाय लांब केले. मग म्हणाली, “मला वाटायचं, तू तयार झालीस की मी जायला मोकळी.”

“आणि आता?”

“आता तू आहेस म्हटल्यावर घाई कसली. मला भूक लागलीय. ते नवीन जेवणघरातलं डुक्कर उरलं असेल तर बघ.”

रिपेका हसली, पोटातून, लांब. मी वाट पाहत होतो, पण तिला खोकला आला नाही.

तर वाचकहो, मी असा आहे सध्या. कठड्यावर, रिकामा, भोकं उघडी. पारातेने अजून कधीमधी पेटवतो, पण माझ्याकडे येत नाही, खाली गाडीशी जाऊन ओढतो आणि आल्यावर बायको बोलते. त्या व्हेपला मी प्रमाणपत्र देणार नाही. तीही एक दिवस या कठड्यावरून जावी असं मला वाटतं, आणि जाताना तिला कुणी वाईट बोलू नये असंही वाटतं. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी भरलेला बसला असेल, तर एवढंच सांगतो. त्याच्याशेजारी जो माणूस बसतो, त्याला आधी विचारा, तुला कुणासाठी श्वास हवाय. उत्तर मिळालं की बाकीचं हळूहळू होतं.